चौकातला एकमेव रहिवासी

४ नोव्हेंबर

विषय : माझ्या खुशालीबाबत.
संदर्भ : तुझे मागील तेवीस दिवसांचे मौन.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. माझं अक्षर तुला लागत नाही, म्हणून टाइप करून. टाइपरायटरवर एकदा उमटलेलं खोडता येत नाही, तेव्हा बोटांतून जे जाईल ते जाईल.

मी मजेत आहे. मावसभावाकडे राहतोय. त्याने मला स्वतंत्र खोली दिली आहे, दहा बाय बारा. एका बाजूला भिंतभर दार आहे, वर-खाली सरकणारं, त्यामुळे हवा भरपूर. झेरॉक्स मशीनची ऊबही मिळते. (त्याच्याकडे झेरॉक्स मशीन आहे. हल्ली बऱ्याच घरांत असतं.) त्याला फोन करून विचारत बसू नकोस, तो सतत फिरतीवर असतो.

आता भांडणाबद्दल. खालच्या मजल्यावरच्या मास्तरांनी सोसायटीला दिलेली तक्रार मी लिहिली, हे मी कधीच नाकारलं नाही. मास्तर दुकानात आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "वरच्या बाईंच्या कुंड्यांचं पाणी माझ्या वाळत घातलेल्या सदऱ्यांवर गळतं. लिहा." स्टुलावर बसलेलं माणूस म्हणजे गिऱ्हाईक, हा माझा एकतीस वर्षांचा नियम. वरची बाई म्हणजे तू, हे माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. पण लक्षात आलं तेव्हा मी दुसऱ्या परिच्छेदात होतो, आणि परिच्छेद फार जमून आला होता. 'सदर महिला स्वभावतःच बेफिकीर असून वारंवार समज देऊनही तिच्या वर्तनात सुधारणा होण्याची चिन्हे नाहीत.' सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, अशी भाषा हल्ली वाचायला मिळत नाही. तू मात्र पहिल्याच ओळीला ओळखलंस की लिहिणारा हात घरातला आहे. "तीस वर्षं संसार केला आणि मी सदर महिला?" असं म्हणालीस. मी म्हटलं, "मग माझी सोय मी बघतो," आणि पिशवी उचलली. तू अडवशील असं वाटलं होतं. जिन्यात दोन मिनिटं थांबलोही होतो.

असो. इकडे चौकात मोठी गडबड आहे. दुकानासमोरचं लॉज आठवतं? सहा वर्षं बंद आहे, पाटीवरची अक्षरं गळून नुसता 'ज' उरलाय. परवा नगरपालिकेने त्याच्या दारावर नोटीस चिकटवली. तिथल्या बावीस खोल्या दुरुस्त करून बेघर माणसांना राहायला देणार. हरकती असल्यास लेखी कळवाव्यात.

चपलांच्या दुकानाचे शेठ नोटीस वाचायला अनवाणीच धावले, दुकानात हजार जोड असताना. म्हणाले, "आज बावीस येतील, उद्या बावीसशे! भर बाजारात? गावाबाहेर जागा नव्हती?" सलूनवाला एकाची दाढी अर्धी सोडून आला, आणि ते गिऱ्हाईकही साबणासकट त्याच्या मागोमाग. औषधांच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या, "मला कुणाबद्दल काही नाही हो, पण आपल्याच समोर कशाला?" तासाभरात 'चौक बचाव समिती' उभी राहिली. शेठ अध्यक्ष, मी चिटणीस, कारण कागद माझ्याकडे.

समितीत नाही असा एकच माणूस चौकात आहे. तो माझ्या दुकानाच्या पायरीवर झोपतो. एके काळचा सुतार, परांचीवरून पडून कंबर अधू झाली. त्यापुढचं मी विचारलं नाही. तो आल्यापासून चौकात एक कुलूप तुटलेलं नाही, म्हणून सगळे त्याला पहारेकरी म्हणतात. हे पत्र पेटीत टाकायला त्याच्याकडेच देतोय. मी रोज पहिल्या बसने दुकानात येतो, हे तो रोज बघतो. हवं तर त्याला विचार.

तुझा,
अर्जदार


१३ नोव्हेंबर

विषय : हरकती, आणि त्यातील माझी कामगिरी.
संदर्भ : माझे दि. ४ चे पत्र. (उत्तर अप्राप्त.)

तुला कदाचित पत्र मिळालं नसेल. पहारेकरी म्हणतो, "मिळालं असणार, साहेब." त्याला काय माहीत!

इकडे मी कामात बुडालोय. शेठना वाटलं होतं की एक हरकत लिहायची आणि चाळीस झेरॉक्स काढायच्या. पण एकाच मजकुराच्या हरकती कितीही आल्या तरी एकच धरणार, असा नियम निघाला. मी म्हटलं, शेठ, इथे मशीन चालत नाही, इथे माणूस लागतो.

सहा दिवसांत एक्केचाळीस हरकती लिहिल्या, एकीसारखी दुसरी नाही. सलूनवाल्यासाठी लिहिलं की गिऱ्हाईक खुर्चीत मान मागे टाकून डोळे मिटते, तेव्हा त्याचा समोरच्या इमारतीवर विश्वास असावा लागतो. पण कारण तेवढ्याने भरेना, म्हणून त्याला दोन उपवर मुली दिल्या. त्याचं स्वतःचंच लग्न व्हायचंय. तरी वाचताना तो इतका हळवा झाला की डोळे पुसत सही केली. औषधवाल्या बाईंना कुणाचंही मन न दुखावणारी हरकत हवी होती. त्यांना लिहून दिलं, 'अर्जदारास बेघर बांधवांविषयी नितांत आदर असून तो दुरून करता यावा अशी विनंती आहे.' बाई म्हणाल्या, "अगदी माझ्या मनातलं!" शेठच्या हरकतीत एक वाक्य आहे, 'अशा व्यक्तींवर तिळमात्र विश्वास ठेवता येत नाही.' ते टाइप करताना कागद संपले, म्हणून पहारेकऱ्याला हाक मारून कपाटाची किल्ली मागितली. दुकानाच्या किल्ल्या त्याच्याकडेच असतात. सोय म्हणून.

चाळीस झाल्यावर ध्यानात आलं की माझी स्वतःची हरकत राहिलीच आहे, आणि जगातली सगळी कारणं मी वाटून टाकलीत. चाळीस जणांना दिलं आणि आपल्या वाट्याला खडखडाट. पायरीवरून पहारेकरी म्हणाला, "साहेब, जिना बघितलाय का तिथला? अरुंद आहे, कठडाही नाही. कंबर धरून चढणारा माणूस पहिल्याच दिवशी खाली येईल."

मी म्हटलं, "अरे, तुलाच तिथे खोली मिळायची आहे आणि तू मला कारणं पुरवतोस?"

"मी कुठे विरोध केला? अडचण सांगितली. कंबर माझीच आहे ना."

मुद्दा चांगला होता. टाकला. 'सदर जिना वृद्ध व अधू व्यक्तींच्या जिवास धोकादायक आहे, सबब इमारत निवासास अयोग्य आहे.' खाली माझी सही. चौकातल्या सगळ्या हरकतींत ही एकच खरी आहे असं आता वाटतं. पण हे तुला म्हणून सांगतोय.

रात्री गारठा पडायला लागलाय. मावसभावाची फरशी फार थंड आहे.

तुझा,
अर्जदार


२३ नोव्हेंबर

विषय : चौकात राहणे, म्हणजे काय याबाबत.
संदर्भ : माझी दोन पत्रे. तू.

घात झाला. नगरपालिकेचं दुसरं पत्र आलं. हरकत त्याचीच धरणार जो चौकाच्या हद्दीत प्रत्यक्ष राहतो, म्हणजे रात्री तिथे झोपतो. नुसतं दुकान असून भागणार नाही. कचेरीचा माणूस एखाद्या पहाटे येऊन बघून जाईल.

शेठच्या दुकानात तातडीची सभा झाली. शेठनी विचारलं, "आपल्यापैकी चौकात राहतं कोण?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेठचा बंगला नदीपलीकडे, सलूनवाला बहिणीकडे, बाई नव्या वसाहतीत. वरच्या मजल्यांवर नुसते माल भरलेले खोके. ज्या चौकासाठी आम्ही जीव टाकत होतो, त्यात संध्याकाळी आठनंतर आमच्यापैकी कुत्रंसुद्धा नसतं. मी छताकडे बघत होतो. बाहेर पायरीवर पहारेकरी खोकला.

मग शेठनी तोडगा काढला. तपासणी होईपर्यंत ज्याने त्याने आपापल्या दुकानात झोपायचं. माझी काय अवस्था झाली असेल, कल्पना कर! म्हणजे मावसभावाची ती हवेशीर खोली सोडून मलाही दुकानात मुक्काम करणं भाग पडलं. समितीचं काम, नाही म्हणता येईना.

पहिल्या रात्रीचं काय सांगू. शेठवर पहाटे चपलांच्या खोक्यांची अख्खी रांग कोसळली. सलूनवाला दाढीच्या खुर्चीत झोपला, त्याची मान डावीकडे धरली, आणि दिवसभर त्याने आलेल्या प्रत्येकाचा डावाच कल्ला कापला. बाई दहा मिनिटं काउंटरमागे आडव्या झाल्या, "आपल्याला नाही बाई जमत" म्हणाल्या आणि रिक्षा करून गेल्या. सकाळी बसथांब्यामागच्या नळावर आमचीच झुंबड. पहारेकऱ्याने सगळ्यांना रांगेत उभं केलं. "पाणी सहाला जातं. आधी तोंडं धुवा, मग भांडा." शेठसुद्धा गपगुमान रांगेत उभे राहिले. खाली पुठ्ठा, त्यावर वर्तमानपत्राचे चार पदर, मग चादर, हेही त्यानेच शिकवलं. वर्तमानपत्र दुमडून नाही, पसरून घालायचं.

मला काही शिकवावं लागलं नाही. सलूनवाला म्हणाला, "काका, तुम्हाला पहिल्याच रात्री बरी झोप लागली! आणि टूथब्रशला हा खिळा कधी ठोकलात?" मी म्हटलं, समितीचं काम मनापासून केलं की सुचतं सगळं.

चौथ्या दिवशी समितीने आळीपाळीने झोपायचा ठराव केला, आणि सगळ्यांच्या पाळ्या माझ्यावर आल्या.

एक गंमत. परवा पहारेकऱ्याने मला एक जाड पांघरूण आणून दिलं. कुणीतरी दोन वाटली म्हणे, एक त्याला आणि एक "आतल्यांना." मी घेणार नव्हतो, फुकटचं कशाला. पण गारठा फार होता. त्याचा काठ हुबेहूब आपल्या जुन्या पडद्यासारखा आहे, तोच निळा, त्यावर तीच पिवळी रेघ. एकाच कापडाचे किती तागे निघत असतील, नाही? त्या रात्री मला उगाचच फार बरं वाटलं. आणि फार वाईटही वाटलं.

तुझा,
अर्जदार


२ डिसेंबर

विषय : उद्याची सुनावणी.
संदर्भ : कसला संदर्भ द्यायचा आता.

कचेरीचा कारकून गेल्या गुरुवारी पहाटे साडेपाचला येऊन गेला. अख्ख्या चौकात त्याला एकच माणूस सापडला. बनियनवर, तोंडात ब्रश, शटर अर्धं वर. त्याने माझं नाव लिहून घेतलं, खिळा बघितला, भिंतीवर बोट फिरवलं, तेही लिहून घेतलं.

तेव्हापासून मी चौकाचा हीरो आहे. शेठ सगळ्यांना सांगतात, "बाकी सगळे पळाले, हा एकटा किल्ला लढवत राहिला!" सलूनवाला फुकट दाढी करतो, आता दोन्ही बाजूंनी. बाई खोकल्याचं औषध पाठवतात. सगळे असे वागतात कारण एका जरी खऱ्या रहिवाशाची हरकत टिकली तरी प्रकरण वरच्या कचेरीत जातं, आणि वर गेलेलं प्रकरण वर्षभर खाली उतरत नाही. एक्केचाळिसांत आता माझीच एक हरकत उरली आहे.

आणि काल पहारेकरी स्टुलावर बसला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. त्याला खोलीसाठी अर्ज करायचा होता. बावीस खोल्यांच्या यादीत त्याचं नाव सहावं आहे, नुसता अर्ज राहिलाय. 'सध्याचा पत्ता' आला तेव्हा म्हणाला, "लिहा, टायपिंगच्या दुकानाची पायरी." मी लिहिलं. 'ओळख देणारी व्यक्ती' हा रकाना आला तेव्हा तो पायरीकडे बघायला लागला. मग म्हणाला, "रिकामं सोडा, साहेब. तुम्ही पडलात समितीचे."

तीच खुर्ची, तेच मशीन. एका बाजूला त्याचा अर्ज, दुसऱ्या बाजूला माझ्या हरकतीची स्थळप्रत. स्टुलावर बसेल ते गिऱ्हाईक, हा नियम मी केला तेव्हा असं काही होईल असं वाटलं नव्हतं. त्या रकान्यात मी माझं नाव घातलं. त्याला सांगितलं नाही.

उद्या अकराला सुनावणी. मला भीती वाटते आहे. कशाची, ते धड लिहिता येत नाही.

अर्जदार


४ डिसेंबर

विषय लिहायला बसलो आणि जमेना. तेव्हा सरळच सांगतो.

मी मावसभावाकडे नाही. कधीच नव्हतो. बारा ऑक्टोबरपासून मी दुकानात राहतो. भिंतभर दार म्हणजे शटर. समितीचं झोपण्याचं खूळ निघेपर्यंत सदतीस रात्री मी शटर आतून ओढून घ्यायचो आणि पहारेकरी बाहेरून कुलूप लावायचा, म्हणजे दुकान बंद दिसावं. सकाळी कुणी आलेलं नसलं की कुलूप काढून तीनदा टकटक करायचा. मग मी गुपचूप निघून मागच्या गल्लीतून बसथांब्यावर जायचो आणि पहिल्या बसमधून उतरलेल्या माणसांबरोबर चालत परत यायचो. सदतीस रात्री ज्याने मला कुलपात ठेवलं, त्याच्यावर तिळमात्र विश्वास ठेवता येत नाही, हे मी शेठच्या सहीने लिहून दिलं. शपथेवर सांगतो, ते वाक्य मी पुन्हा कुणासाठीही लिहिणार नाही.

आता कालचं ऐक.

सुनावणीला अधिकारी म्हणून एक बाई होत्या, चष्मा नाकावर, आवाज हळू. त्यांनी एकेक हरकत वाचायला घेतली. सलूनवाल्याला म्हणाल्या, "तुमच्या दोन मुलींची काळजी रास्त आहे. त्यांना आणलंय का?" सलूनवाल्याने माझ्याकडे बघितलं, मग छताकडे बघितलं, आणि म्हणाला, "अजून व्हायच्यात." औषधवाल्या बाईंचा आदर वाचून अधिकारी बाईंनी चष्मा पुसला. शेठना विचारलं, "रात्री कुठे झोपता?" शेठ म्हणाले, "दुकानात! चार दिवस झोपलो. कंबर बघा!" त्यांनी ती बघायला नकार दिला. एकेक करून चाळीस गेल्या.

मग माझी. बाई म्हणाल्या, "तुम्ही चौकात राहता हे आमच्या माणसाने पाहिलंय. पण नोटीस लागल्यावर राहायला आलेल्यांची हरकत धरता येत नाही. तुम्ही आधीपासून राहत होता का?"

शेठ माझ्या कानाशी कुजबुजले, "हो म्हणा! आधीपासून राहतो म्हणा! ठोकून द्या!" जन्मात पहिल्यांदा मला कुणीतरी खोटं म्हणून खरं बोलायला सांगत होतं.

मी मनात हिशेब केला. हो म्हटलं तर पहारेकऱ्याची खोली वर्षभर अडकते, आणि तीस वर्षांच्या संसारानंतर मी दुकानाच्या फरशीवर झोपतो हे साऱ्या गावाला कळतं. तेवढ्यात बाईंनी पहारेकऱ्याला उभं केलं. "तुम्ही त्यांच्या पायरीवर असता. नोटिशीच्या आधी हे रात्री इथे असायचे?"

"नाही," तो म्हणाला. "पहिल्या बसने येतात. घरून."

कारकुनाने अहवाल वाचला. खिळ्याखाली भिंतीवर पेस्टचा सुकलेला जुना थर, मुक्काम किमान दीड महिन्याचा. बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "तुमचं नाव आमच्या यादीत आहे. कचेरीपुढे खोटं बोललात असं निघालं तर ते काढावं लागेल. पुन्हा विचारते."

तो कंबरेवर हात ठेवून उभा होता. मला वाटलं, आता सांगेल. मी असतो तर सांगितलं असतं.

"पहिल्या बसने येतात," तो म्हणाला. "रोज बघतो मी."

मी उठलो. काय बोललो ते नीट आठवत नाही. एवढं आठवतं की 'सदर', 'सबब', 'उपरोक्त' यातला एकही शब्द आला नाही. म्हटलं, हा माणूस माझ्यासाठी खोटं बोलतोय. मी बारा ऑक्टोबरपासून दुकानात राहतो. बायकोबद्दल नको ते टाइप केलं, वर तणतणत घर सोडलं, आणि परत जायला तोंड नाही. याने ते झाकलं. त्याचं नाव काढायचं असेल तर आधी माझं काढा. आणि माझी हरकत मी मागे घेतो.

शेठ म्हणाले, "म्हणजे ते खरं होतं?" आणि खाली बसले. सलूनवाला उठून माझ्याजवळ येऊन बसला. तो तसा चांगला मुलगा आहे.

बाईंनी मला तिथल्या तिथे हाताने लिहून द्यायला सांगितलं. लिहिलं. त्यांना अक्षर लागलं नाही, वाचून दाखवावं लागलं. पहारेकऱ्याचं नाव त्यांनी यादीत ठेवलं. म्हणाल्या, "हरकत गेली, पण जिन्याचं बरोबर आहे. कठडा बसवा." पहारेकरी लगेच म्हणाला, "लोखंडी नको, लाकडी करा. मी करतो."

मी निघालो, तर बाईंनी थांबवलं. समोर एक कोरा फॉर्म सरकवला. "दीड महिना दुकानात झोपताय. नियमाने तुम्हीही बेघरच. यादीत एक जागा शिल्लक आहे, भरा."

मला इतका राग आला! मी म्हटलं, "बेघर? मला घर आहे! चांगलं तिसऱ्या मजल्यावर. गॅलरीत कुंड्या आहेत." बाईंनी पेन पुढे केलं आणि रकाना दाखवला. 'स्वतःचे अथवा कुटुंबाचे घर : आहे / नाही.' एकतीस वर्षं लोकांचे फॉर्म भरतोय. त्या रकान्यावर हात थांबला. म्हटलं, "विचारून सांगतो."

सोमवारपर्यंत मुदत दिली आहे. फॉर्म समोर आहे, रकाना रिकामा आहे.

मी चुकलो. दुसऱ्या परिच्छेदात लक्षात आलं तेव्हाच मशीनवरून हात उचलायला हवा होता. तुझी फार आठवण येते.

मला घर आहे का?

तुझा नवरा


५ डिसेंबर

विषय : सदर पुरुषाबाबत.

अहो,

तुमची पाचही पत्रं मिळाली. पोस्टाने एकही आलं नाही. ते स्वतः आणून देत होते, कंबरेवर हात ठेवून, एवढ्या लांब चालत. "पेटीत टाकलेलं कधी पोचेल नेम नाही वहिनी, आणि तिकडे साहेब रोज वाट बघतात," म्हणाले. पहिल्यांदा आले तेव्हा मी विचारलं, हे झोपतात कुठे? "शब्द दिलाय," एवढंच बोलले. मी पुन्हा विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. वर-खाली सरकणारं दार कुणाच्या घरात असतं? आणि तुमचा मावसभाऊ तर तुमचं पहिलं पत्र आलं त्याच्या तिसऱ्याच दिवशी तुम्हाला भेटायला इकडे आला होता. मी त्याला सांगितलं, ते तुमच्याकडेच राहतात. बिचारा चहा निवेपर्यंत विचार करत बसला.

पांघरुणं मी शिवली. पडद्याचा काठ ओळखलात, पिवळी रेघ ओळखलीत, आणि शिवणारी ओळखली नाही. धन्य आहे.

चार पत्रांत तुम्ही खोटं लिहिलंत. खोट्याला काय उत्तर देणार? पाचव्यात खरं लिहिलंत, म्हणून आजच बसले.

कुंड्या मी तेव्हाच मागच्या गॅलरीत हलवल्या. मास्तरांचं खोटं नव्हतं, पाणी गळत होतं. राग पाण्याचा नव्हता. कुणीही परका येऊन स्टुलावर बसला तर त्याचं सगळं ऐकून घेता, आणि मला एका शब्दाने विचारलं नाहीत, याचा होता. आता मीही येऊन त्या स्टुलावर बसणार आहे. मास्तरांना तुमच्याकडून एक पत्र जाईल, मी सांगेन तसं, आणि तुम्ही मुकाट्याने टाइप कराल.

त्या दिवशी तुम्ही जिन्यात दोन मिनिटं थांबला होतात, ते मला माहीत आहे. मी दाराच्या आत उभी होते. कडीवर हात होता. तुम्ही एक पायरी वर चढला असतात तरी उघडणार होते.

रकान्यात 'आहे' लिहा. शाईने लिहा, मशीनवर नको.

त्यांना खोली मिळेपर्यंत पायरीवर झोपू देऊ नका. आत झोपतील, किल्ली त्यांच्याकडे आहेच. पुठ्ठे राहू द्या, पांघरूण आपलं घेऊन या. उद्या संध्याकाळी शटर बाहेरून ओढा, आणि मिळेल त्या पहिल्या बसने या.

सदर महिला